शेण, ओला कचरा आणि गोबरगॅस: टाकीत काय घालावं, खड्ड्यात काय

गोबरगॅस बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या सगळं टाकीत ढकलता येईल ना? नाही. टाकीत राबणारे जिवाणू गुरांच्या पोटातून शेणाबरोबर आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या आवडीनिवडीही गुरांसारख्याच. गुरं जे आवडीने खाऊन पचवतात ते टाकीत चालतं. गव्हाणीत चगळ म्हणून जे उरतं, त्याची जागा खताच्या खड्ड्यात.

आधी गुरं मोजा. गोठ्यात बांधलेलं मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं. चरायला जाणाऱ्याचं बरंचसं माळावरच पडतं, ते हिशेबात धरू नका. १ किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २ घनमीटरच्या, म्हणजे रोज २००० लिटर गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज ५० किलो शेण हवं, आणि त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. अनुदान मिळतंय म्हणून मोठं बांधणारे पुष्कळ असतात. मग टाकी अर्धपोटी राहते आणि घरात पुन्हा सिलिंडर येतो.

जागा उन्हाची, स्वयंपाकघराजवळची आणि विहिरीपासून निदान १५ मीटर लांब असावी. १९८४ साली आलेला दीनबंधू नमुना जमिनीखालच्या पक्क्या घुमटाचा आहे. तो स्वस्त पडतो, पण घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो, म्हणून हे काम केलेलाच गवंडी शोधा. दुसरा प्रकार तरंगत्या झाकणाचा. त्यात गॅस किती साठला ते डोळ्यांना दिसतं, पण लोखंडी झाकण असेल तर ते नियमित रंगवावं लागतं.

पहिली भरणी दमाने करा. २ घनमीटरच्या संयंत्राला जवळपास २ टन शेण लागतं. ते आधीपासून सावलीत, ओलं राखून साठवा. शेण आणि पाणी समान घ्या, गुठळ्या हाताने फोडा, खडे-माती काढून टाका. गावात चालू संयंत्र असेल तर तिथली चार-पाच बादल्या रबडी (गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर पडणारा पातळ शेणकाला) विरजण म्हणून मागून आणा. मग दोन ते चार आठवडे थांबा. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, तो पेटत नाही; उघड्यावर सोडून द्या. त्या वेळी जवळपास विडी-काडी नको. गॅस पेटवून पाहायचा तो शेगडीवरच, संयंत्राजवळ कधीही नाही. आणि गळती शोधायची तर साबणाच्या फेसाने.

गॅस नीट सुरू झाल्यावरच शेतातला कचरा घ्या. भाजीचा पाला, सडके टोमॅटो, कोवळं गवत, शिळं अन्न चालतं. अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे करून रोजच्या ५० किलो शेणात ३-४ किलोने सुरुवात करा आणि आठवडाभर शेगडीकडे लक्ष ठेवा. एकदम घमेलंभर शिळा भात ओतला तर टाकी आंबते, रबडीला आंबूस वास येतो, ज्योत मंदावते. तसं झालं तर कचरा बंद करा आणि थोडे दिवस नुसतं शेण, तेही कमी घाला. पेंढा आणि कडबा गुरं खातात खरे, पण टाकीत ते पाण्यावर तरंगून जाड साय धरतात. तरंगतं झाकण फिरवून ती मोडता येते, घुमटात मात्र हात पोचत नाही. गोठा फिनेलने धुतलात तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका. साफसफाईसाठी माणसाने आत उतरणं तर कधीच नाही. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू क्षणात बेशुद्ध करतो.

माझ्या मते संयंत्राची खरी कमाई रबडीत आहे. गॅसबरोबर मुख्यतः कार्बन जातो, नत्र मागे राहतं आणि त्यातलं काही पिकाला लगेच उचलता येईल अशा रूपात असतं. हेच नत्र उन्हात उडून जातं, तरीही रबडी अंगणात पसरून वाळवणारे कमी नाहीत. रोज १०० लिटरच्या आसपास रबडी बाहेर पडते. ती पाटाच्या पाण्यात सोडा. ठिबकमध्ये नको, नळ्या तुंबतात.

रबडी बाहेर पडते त्या निर्गम कुंडीलगत दोन खड्डे घ्या. पाचट आणि कुट्टी केलेल्या तुराट्या-पऱ्हाट्यांचा वीतभर थर, त्यावर रबडी, पुन्हा थर. एक खड्डा भरला की वर मातीचा पातळ थर देऊन झाका आणि दुसरा सुरू करा. ओल टिकवली, एक-दोनदा खालीवर केलं, तर पाचटाचं खत साधारण तीन-चार महिन्यांत तयार होतं. तुराट्यांना जास्त वेळ लागतो. न कुजलेल्या काड्या चाळून पुढच्या थरात घाला.

ज्योत फडफडू लागली तर पाइपात पाणी साचलंय असं समजा आणि सर्वांत खालच्या जागी बसवलेल्या तोटीतून ते काढा. डिसेंबरात गॅस उतरतो, त्याला घाबरू नका. शेण दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा आणि रात्री घुमटावर पाचट अंथरून ठेवा.