एक्सटेन्शन टाकलं तरी फोटो वेबपीच येतोय? या चुका टाळा

मी डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, त्यामुळे "हा फोटो उघडत नाहीये, बघ ना जरा" हे मला रोज ऐकायला मिळतं. नेटवरून उतरवलेला फोटो वेबपी नाहीतर एव्हीआयएफ (जेपीजीसारखेच, पण नवे फोटो फॉरमॅट) असतो, दुकानातलं जुनं डिझाईन सॉफ्टवेअर तो घेत नाही आणि ज्याला ऑनलाइन फॉर्मला फोटो लावायचाय त्याचा फॉर्म जेपीजी सोडून दुसरं काही घेत नाही. मग कोणीतरी सांगतं की ब्राउझरमध्ये एक एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाक, साईट वेबपी पाठवणारच नाही. एक्सटेन्शन चांगलं आहे, मी स्वतः वापरतो, पण ते नक्की काय करतं हे न बघता लोक टाकतात आणि दोन दिवसांत "फालतू आहे, चालत नाही" म्हणून काढून टाकतात.

तर आधी ते करतं काय ते बघू. ब्राउझर प्रत्येक फोटो मागताना सर्व्हरला एक चिठ्ठी पाठवतो, तिला ॲक्सेप्ट हेडर म्हणतात, आणि क्रोमच्या चिठ्ठीत सगळ्यात आधी एव्हीआयएफ, मग वेबपी असं लिहिलेलं असतं. एक्सटेन्शन फक्त ही नावं चिठ्ठीतून खोडतं. ते फोटो कन्व्हर्ट करत नाही, अडवतही नाही. चिठ्ठी वाचून काय पाठवायचं ते शेवटी सर्व्हरच ठरवतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कॅशे. पेज आधी उघडलेलं असतं, फोटो ब्राउझरने साठवून ठेवलेला असतो, आता तुम्ही एक्सटेन्शन टाकलं आणि नुसतं रिफ्रेश केलं तर नवी चिठ्ठी जाईलच असं नाही, जुनाच फोटो समोर येऊ शकतो. एफ१२ दाबा, डेव्हलपर टूल्स उघडतील, त्यातल्या नेटवर्कच्या टॅबमध्ये जाऊन डिसेबल कॅशेवर टिक करा, ती विंडो उघडी ठेवूनच पेज परत लोड करा. तिथेच फोटोवर क्लिक करून कंटेंट टाईप, म्हणजे फाईलचा खरा प्रकार बघा, कारण पत्त्याच्या शेवटी डॉट जेपीजी दिसतं म्हणून आत जेपीजीच असेल असं अजिबात नाही, कितीतरी साईट्स जेपीजीच्या नावाखाली वेबपी देतात.

कॅशे साफ करूनही वेबपीच येत असेल तर बहुतेक वेळा कारण पिक्चर टॅग असतो. यात साईटवाल्याने पेजच्या कोडमध्येच दोन-तीन फाईली लिहून ठेवलेल्या असतात, एव्हीआयएफ चालत असेल तर ही घे, वेबपी चालत असेल तर ती, नाहीतर ही जेपीजी. ही निवड ब्राउझर स्वतः करतो, चिठ्ठीचा इथे संबंधच येत नाही, मग हेडर कितीही बदला काही उपयोग नाही. अशा वेळी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंग नावाचा टॅब आहे, त्यात वेबपी आणि एव्हीआयएफ बंद करायचे चेकबॉक्स आहेत, ते वापरा. फायरफॉक्समध्ये अबाउट कॉन्फिग या सेटिंगच्या पानावर असेच स्विच आहेत, पण ते सगळ्या साईट्सना लागू होतात आणि जिथे फक्त वेबपीच ठेवलंय तिथे फोटो दिसणारच नाही, म्हणून काम झालं की परत चालू करा.

आता जे स्वतः हेडरचे नियम लिहितात त्यांच्यासाठी. वेबपी नको म्हणून लोक वेबपीपुढे क्यू बरोबर शून्य लिहितात. एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, शून्य म्हणजे नको. पण बऱ्याच सर्व्हरवर एवढंच लिहिलेलं असतं की चिठ्ठीत वेबपी हा शब्द सापडला की वेबपी पाठव. हॉटेलात "कांदा नको" म्हणावं आणि वेटरने फक्त कांदा ऐकावं, तसं होतं. म्हणून शून्य लावत बसू नका, शब्दच काढून टाका.

नियम कुठे लागू होतो तेही बघा. फक्त इमेजवर लावला आणि मग फोटो नवीन टॅबमध्ये उघडला तर ती मागणी इमेजची राहत नाही, पूर्ण पेजची होते, आणि क्रोमच्या पेजच्या चिठ्ठीतही वेबपी असतंच. म्हणजे लेखात जेपीजी दिसला आणि टॅबमध्ये वेबपी आला असं होऊ शकतं. उलट नियम सगळ्याच मागण्यांवर लावला तर लॉगिन, शोध, पेमेंट असल्या जागी साईट गडबडू शकते, ४०६ नंबरचा एरर (चिठ्ठीतल्या प्रकारात द्यायला काही नाही, असं सर्व्हर सांगतो तो) दिसला तर आधी हाच नियम तपासा. इमेज आणि मुख्य पेज एवढ्या दोनवरच ठेवा, आणि पेजच्या नियमात बाकीचं हेडर तसंच राहू द्या.

स्वतःची साईट असेल तर अजून एक. चिठ्ठी बघून वेगवेगळा फॉरमॅट देत असाल तर उत्तरात व्हेरी ॲक्सेप्ट हेडर (उत्तर चिठ्ठीप्रमाणे बदलतं असं सांगणारं) हवं, नाहीतर सर्व्हर आणि ब्राउझरच्या मधली कॅशे एकाला दिलेला वेबपी दुसऱ्यालाही देते आणि मग दोष एक्सटेन्शनवर येतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये वेबपी फोटो उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत मोठी सुरक्षेची चूक सापडली तेव्हा काही जणांनी भीतीने असली एक्सटेन्शन टाकली. त्याने संरक्षण मिळत नाही हो, ज्याला वाईट फाईल पाठवायचीय तो तुमची चिठ्ठी कशाला वाचेल? त्यावर उपाय ब्राउझर अपडेट करणं हाच. आणि ही एक्सटेन्शन सगळ्या साईट्सवरचा डेटा वाचायची परवानगी मागतात, तर बनवणारा कोण आहे, शेवटचं अपडेट कधीचं आहे हे बघूनच टाका, आणि शक्य असेल तर परवानगी ठरावीक साईट्सपुरतीच द्या.

फाईलचं नाव बदलून वेबपीचं जेपीजी करणारे तर खूपच आहेत. आतला डेटा तोच राहतो, फॉर्म परत नाकारू शकतो. फाईल खरंच बदलायची तर गिंप या फुकट फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक्सपोर्ट करा. छपाईसाठी पीएनजी करा, फाईल मोठी होईल पण अजून खराब होणार नाही. जेपीजी केलात तर एकदा दाबलेला फोटो पुन्हा दाबला जातो आणि मोठ्या फ्लेक्सवर ते चेहऱ्याच्या कडेला लगेच दिसतं.

आणि हे एक्सटेन्शन कायम चालू ठेवू नका. गुगलच्याच आकड्यांप्रमाणे वेबपी फोटो तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान असतो, म्हणजे तो बंद केला की डेटा जास्त जातो. मी ते तीन-चार फोटोच्या साईट्सपुरतंच लावलंय, आणि दुकानातलं वायफाय गेलं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आलो, की तेवढ्यापुरतं बंद करतो.