विद्यापीठातील संगणक-खाती : उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत

बडोद्यात प्रवेशांचे दिवस आले, की विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडे प्रत्येक विभागातून नव्या खात्यांच्या याद्या येऊ लागतात. त्या यंत्रणेत भरण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे जबाबदार व्यक्ती आणि समाप्तीची तारीख लिहिलेली आहे ना, हे पाहावे. हे दोन रकाने रिकामे असलेला अर्ज, तो कितीही मोठ्या प्राध्यापकांकडून आलेला असो, परत पाठवावा.

लॉगिन नाव माणसाच्या नावावरून ठरवू नये. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी असते, दुसऱ्यावर शेवटी; गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘ए’नंतर ‘ई’ लावून लिहितो, कोणी ‘आय’ लावून; शिवाय लग्नानंतर नाव बदलले, की जुने लॉगिन बदलून देण्याची मागणी येतेच. विद्यार्थ्यांसाठी कायम नोंदणी क्रमांक आणि कर्मचाऱ्यांसाठी सेवा क्रमांक वापरल्यास हे प्रश्न उद्भवत नाहीत. दिसण्यापुरते नाव वेगळ्या रकान्यात ठेवावे आणि ते हवे तेव्हा बदलू द्यावे.

लिनक्स या संगणक-प्रणालीवर फाइलची मालकी नावाने नव्हे, तर वापरकर्त्याच्या क्रमांकाने नोंदली जाते. खाते पुसले आणि त्याच्या फाइली डिस्कवर राहिल्या, तर पुढे तोच क्रमांक ज्याला मिळेल तो त्या फाइलींचा मालक ठरतो. ‘यूजरअ‍ॅड’ ही खाते उघडणारी आज्ञा सामान्यतः अस्तित्वात असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देते; त्यामुळे सर्वांत शेवटी उघडलेले खाते पुसले, की लगेच उघडलेल्या नव्या खात्याला नेमका तोच क्रमांक मिळतो. म्हणून क्रमांकांची नोंदवही केंद्रानेच ठेवावी, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. अनेक यंत्रे एकच साठवण वापरत असतील, तर सर्वांवर क्रमांक सारखे राहावेत यासाठी खाती एलडॅपसारख्या मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

परवानग्या व्यक्तीला न देता गटाला द्याव्यात. प्रशासकांनी रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड आपसांत वाटून न घेता स्वतःच्या खात्यातूनच ते अधिकार वापरू देणारे ‘सुडो’ वापरावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंद राहते. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावण्याची जुनी प्रथा मात्र सोडून द्यावी. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शिकेत, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर अशी सक्ती नको, असे सुचवले आहे. सक्ती केली, की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात.

खाते बंद करताना घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. खात्यात बदल करणाऱ्या ‘यूजरमॉड’ या आज्ञेने पासवर्डला कुलूप लावणे पुरेसे नाही, कारण ज्याने एसएसएचची (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे आत येण्याच्या सोयीची) किल्ली आधी बसवून ठेवली आहे, तो पासवर्डाविनाही आत येऊ शकतो. त्यासाठी ‘चेज’ या आज्ञेने खात्याची समाप्ती मागील तारखेची करावी, चालू असलेली लॉगिन-सत्रे तोडावीत आणि ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लावलेली कामे तपासावीत. सत्र आधीच उघडे असेल, तर तारीख उलटल्याने ते आपोआप मिटत नाही. फाइली लगेच पुसू नयेत. विभागप्रमुखांकडून लेखी सूचना घेऊन संशोधनाचा डेटा मार्गदर्शकांकडे सोपवावा, वैयक्तिक फाइली नेण्यासाठी संबंधिताला मुदत द्यावी, आणि नंतर ‘फाइंड’ या आज्ञेने कोणत्याही खात्याशी न जुळणाऱ्या फाइली शोधून काढाव्यात. सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपायच्या असल्याने खाते पुसले, तरी त्याच्या लॉगिनच्या नोंदी पुसू नयेत.

प्रबंध सादर करून मौखिक परीक्षेची वाट पाहणारा संशोधक नियमाने विद्यार्थी आहे की नाही, यावर कार्यालयात वाद होऊ शकतो. त्याची समाप्तीची तारीख शैक्षणिक वर्षाला न जोडता परीक्षेच्या निकालाला जोडावी. निवृत्त प्राध्यापकांना ईमेल चालू ठेवायचा असेल, तर तेवढीच सेवा ठेवून गणनयंत्रांवरील प्रवेश काढून घ्यावा. प्रत्येक शैक्षणिक सत्राच्या शेवटी चालू खात्यांची यादी विभागप्रमुखांकडे सहीसाठी पाठवावी, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आलेल्या नावांना, पूर्वसूचना देऊन, तात्पुरते कुलूप लावावे.