वृत्तालेखातील कोनांची बेरीज ३६० अंश येत नव्हती तेव्हा

भाच्याच्या वर्गातील ४० मुलांपैकी १७ जण पायी, ११ सायकलने, ७ बसने आणि ५ रिक्षाने शाळेत येतात, या माहितीचा वृत्तालेख (वर्तुळाचे प्रमाणानुसार भाग पाडून काढलेला आलेख, म्हणजे पाय चार्ट) काढताना शेवटची पाकळी पहिलीवर चढत होती. त्याने आधी टक्केवारी काढून ती पूर्णांकात घेतली होती, ४२.५ चे ४३, २७.५ चे २८, १७.५ चे १८ आणि १२.५ चे १३ झाल्याने बेरीज १०२ टक्के, म्हणजे ३६७.२ अंश, भरत होती.

आम्ही टक्केवारी बाजूला ठेवून १७/४०, ११/४०, ७/४० आणि ५/४० असे अपूर्णांकच घेतले. शेवटच्याचा १/८ करण्याची घाई मुद्दाम केली नाही, कारण छेद समान असला की वरच्या संख्यांची बेरीज नजरेनेच तपासता येते. ३६० ला ४० ने भागल्यावर प्रत्येक मुलामागे ९ अंश आले आणि कोन १५३, ९९, ६३ व ४५ ठरले.

आखणीतही प्रत्येक कोन मागच्या रेषेवरून मोजल्यास चूक साचत जाते, म्हणून एकाच आरंभीच्या त्रिज्येपासून १५३, २५२ व ३१५ अंशांवर खुणा केल्या. कंपासपेटीतला कोनमापक १८० अंशांपर्यंतच असल्याने शेवटच्या दोन खुणा उलट बाजूने १०८ व ४५ अंश मोजून घेतल्या.