शिसं, कॅडमियम पोटात गेलं की लोह-कॅल्शियमचं काय होतं आणि आपण काय करायचं

लोहाच्या गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही अशी तक्रार खूप जण करतात, त्याची कारणं बरीच असतात, पण एक कारण सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही, ते म्हणजे शिसं. हिमोग्लोबिन तयार होताना जी एन्झाइम लागतात त्यातल्या दोघांना शिसं अडवतं, म्हणजे लोह अंगात असलं तरी ते वापरलंच जात नाही.

यात उलटी बाजूही आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. शरीराला लोह कमी पडलं की आतडं लोह ओढून घेणारी दारं वाढवतं, आणि त्याच दारातून कॅडमियम हा विषारी धातूही आत शिरतो. लोह-कॅल्शियम कमी असेल तर शिसंही जास्त शोषलं जातं, लहान मुलांत तर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. शिशाला शरीर कॅल्शियम समजून हाडात साठवतं, तिथं ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम निघायला लागलं की सोबत रक्तात येतं.

कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं, तो भात खाऊन लोकांची मूत्रपिंडं बिघडली आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की आजाराचं नावच पडलं इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय. सरकारने 1968 साली कारण मान्य केलं.

म्हणून कामं दोन, आणि दोन्ही एकदमच करायची. पहिलं, पोट रिकामं ठेवू नका, उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, मुलांना तर नाश्ता न देता बाहेर पाठवूच नका. लोहाच्या जेवणासोबत आंबट फळ घ्या आणि चहा तासभर लांब ठेवा. गोळ्या मात्र तपासणीशिवाय नकोत, जास्तीचं लोहही त्रास देतं.

दुसरं, पोटात येणारं शिसं-कॅडमियमच कमी करा. जुन्या पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी सकाळी आधी थोडं सोडून द्या, मगच प्यायला भरा, आणि स्वयंपाकाला गरम नळाचं पाणी नको कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. उकळून शिसं जात नाही हे कृपया लक्षात ठेवा, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. चकचकीत रंगीत मातीच्या भांड्यात लिंबाचं किंवा चिंचेचं काही ठेवू नका, आंबट लागलं की ग्लेझमधलं शिसं सुटतं, शोभेचं भांडं शोभेलाच राहू द्या. पालेभाजीची बाहेरची पानं काढा, कंदमुळं घासून धुऊन सोला.

भातात आर्सेनिक या आणखी एका विषारी घटकाचा प्रश्न असतो, तेव्हा एका मापाला सहा मापं पाणी घालून शिजवायचा आणि जास्तीचं पाणी वेळून टाकायचं, बरंच आर्सेनिक त्यात निघून जातं. त्यासोबत ब जीवनसत्त्वंही जातात, आणि पाण्यातच आर्सेनिक असेल तर याचा उपयोग नाही. धूम्रपान करत असाल तर कॅडमियमचा मोठा वाटा तिथूनच येतो, फक्त ताटातून नाही.

शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं आणि फेरिटिन (यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) दोन्ही सोबत तपासा, केसांच्या टेस्टवर पैसे घालवू नका, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.