एजंटसाठी टूलची माहिती लिहिताना मी काय शिकले

एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरच्या टूलशी जोडण्याची एक ठरलेली पद्धत. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे एक काम आलं: मजकूर एन्कोड-डीकोड करणाऱ्या, म्हणजे तो दुसऱ्या चिन्हांत बदलणाऱ्या आणि परत मूळ रूपात आणणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन. टूल वापरणार होते एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणारी भाषा-मॉडेल्स. बेस६४ (बाइट्स ६४ साध्या चिन्हांत लिहिणं), पर्सेंट एन्कोडिंग (वेबपत्त्यांत टक्क्याच्या चिन्हाने लिहिणं) आणि हेक्स (सोळाच्या अंकपद्धतीत लिहिणं) एवढंच त्यात होतं, म्हणून आठवड्याभराचं काम धरलं होतं. लागले दोन महिने. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

एजंटला असं टूल लागतंच कशाला, हे आधी समजून घ्या. भाषा-मॉडेलला छोटी बेस६४ ओळ बहुतेक वेळा स्वतः उलगडता येते. ओळ लांबली की मधलंच एखादं अक्षर चुकतं, आणि उत्तर तरीही तितक्याच खात्रीने येतं. टूल मात्र हिशेब करतं, अंदाज करत नाही.

मी आधी माणसांसाठी लिहितात तसं सविस्तर मॅन्युअल लिहिलं. ते एजंटपर्यंत पोहोचतच नव्हतं. त्याच्यासमोर येतं टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे इनपुट कसं असावं याचा आराखडा. आमचं वर्णन होतं, ‘मजकूर डीकोड करतं’. झालं असं, की एजंट टक्क्याची चिन्हं असलेले वेबपत्ते बेस६४ म्हणून पाठवू लागला, आणि साधा मजकूरही डीकोडला देऊ लागला. माणूस अडला तर शेजारच्या खुर्चीवर विचारतो. एजंट न लिहिलेली जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. त्यामुळे ‘हे कधी वापरू नये’ हे वाक्य ‘हे काय करतं’ इतकंच महत्त्वाचं आहे. मी आता ते आधी लिहिते.

अधिकच्या चिन्हाचं (+) उदाहरण घ्या. वेबफॉर्मच्या डेटात ते मोकळ्या जागेसाठी येतं, वेबपत्त्याच्या मुख्य भागात मात्र ते अधिकचं चिन्हच असतं. +९१ ने सुरू होणारा फोन नंबर फॉर्मच्या पद्धतीने डीकोड केला की सुरुवातीचं अधिकचं चिन्ह जातं. वर्णनात हे एका वाक्यात सांगता येतं. आमच्याकडे ते नव्हतं.

एक विनंती मनापासून: तुमच्या उदाहरणांत मराठी मजकूर ठेवा. इंग्रजी ‘हॅलो’ने काहीच सिद्ध होत नाही, कारण साधी इंग्रजी अक्षरं आस्की, लॅटिन-१ आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइट्समध्ये मांडण्याच्या तिन्ही पद्धतींत त्याच बाइट्सनी लिहिली जातात. चूक असली तरी दिसत नाही. ‘नमस्ते’ घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबाने ते सहा कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट्स घेतो, म्हणजे १८ बाइट्स. बेस६४ तीन बाइट्सची चार चिन्हं करतं, म्हणजे २४. पर्सेंट एन्कोडिंगमध्ये हाच शब्द ५४ चिन्हांचा होतो. आता स्कीमात ‘कमाल लांबी १००० अक्षरं’ असं लिहिलं, तर कुठली अक्षरं? आमच्या स्कीमात नेमकं तसंच होतं. डेव्हलपरच्या मनात बाइट्स होते.

या हिशेबातून मला एक खूण सापडली, ती आजही रोज वापरते. तीन बाइट्सना चार चिन्हं हे प्रमाण देवनागरीला नेमकं बसतं. मजकूर निव्वळ देवनागरी असेल, तर बेस६४मध्ये प्रत्येक चौकडी चाराच्या आकड्याने सुरू होते, मग के, आणि मग एस किंवा डब्ल्यू. ओळ पाहताच कळतं की आत देवनागरी आहे.

चूक कळवणाऱ्या संदेशांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. ‘इनपुट अवैध’ एवढंच परत आलं की एजंट तेच इनपुट पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच उत्तर मिळवतो. आम्ही संदेश बदलला: ‘लांबी चारच्या पटीत नाही, शेवटची बरोबरची चिन्हं (=) गळली असावीत’ किंवा ‘अधोरेखा (_) सापडली, यूआरएलसाठीचा प्रकार निवडा’. बेस६४चा साधा आणि यूआरएलसाठीचा हे दोन्ही प्रकार २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात वेगवेगळे दिलेले आहेत. संदेशात पुढची पायरी आल्यावर एजंट बहुधा दुसऱ्या प्रयत्नात मार्गी लागायचा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी वर्णनातच हव्यात. बेस६४ म्हणजे गुप्तलेखन नव्हे, कोणीही ते उलगडू शकतं. आणि डीकोड होऊन आलेला मजकूर हा डेटा आहे, आदेश नाही. आत ‘आधीच्या सूचना विसर’ असं कोणी दडवलेलं असू शकतं. वर्णनातल्या एका ओळीने हा धोका टळत नाही, पण ती ओळ नसणं मला मान्य नाही.

शेवटची अडचण आपल्या भाषेचीच होती. टूलमध्ये ‘न दिसणारी चिन्हं काढा’ असा पर्याय होता आणि तो आपोआप चालू असे. मराठीतला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: थेट ऱ आणि हलन्त वापरून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. दुसऱ्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह या पर्यायाने पुसलं जायचं आणि ‘दऱ्या’ परत येताना ‘दर्या’ होऊन यायच्या. डोंगरामधली जागा समुद्र झाली, आणि टूलच्या लेखी सगळं यशस्वी. डेव्हलपरला मी दोन्ही शब्द कागदावर लिहून दाखवले, अर्थ सांगितले. त्याच दिवशी तो पर्याय मुळात बंद ठेवायचं ठरलं. वर्णनात आता उदाहरण म्हणून ‘दऱ्या’ दोन्ही प्रकारे दिलं आहे, एक १५ बाइट्सचं आणि दुसरं १८.