लिव्हरच्या ऑपरेशननंतर पित्तगळती: या चुका टाळा

पुण्यात लिव्हरचा भाग काढून सोलापूर-साताऱ्याकडे परतणारे काही पेशंट पोटाला ड्रेनची (आत साठलेलं पाणी बाहेर काढणारी) नळी घेऊनच घरी जातात. घरच्यांना ती अडचण वाटते, पण पित्तनलिकेला (लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीला) इजा झाली असेल तर पहिली बातमी बहुधा तीच देते.

सगळे जण रोज किती मिली भरलं ते लिहितात, रंग कुणीच लिहीत नाही. लालसर किंवा फिकट पिवळं पाणी हळूहळू कमी होत जातं. ते हिरवट किंवा सोनेरी दिसलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्यापेक्षा ३ पट किंवा जास्त निघालं, तर ती पित्तगळती धरतात.

ड्रेन अचानक कोरडा पडला की घरात पेढे वाटायची घाई नको. सोबत ताप असेल, पोट फुगत असेल, तर नळी तुंबून पित्त आत साठत असू शकतं. सोनोग्राफी लागेल. नळी स्वतः ओढू नका, गाठ मारून बंदही करू नका.

दुसरी, माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे काविळीवर गावठी औषध. ऑपरेशननंतर डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज असेल, तर नलिका अरुंद झाली किंवा बंद पडली असण्याची शक्यता मोठी. कोणत्याही पथ्याने ती उघडत नाही. असा अडथळा काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही येतो.

गळती कळली की लगेच पोट उघडायचा आग्रह धरू नका. लहान गळती बऱ्याचदा ड्रेन आणि अँटिबायोटिक्सवर थांबते. नाही थांबली तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नलिकेत स्टेंट (छोटी नळी) टाकतात, त्यामुळे पित्त आतड्यात सहज उतरतं. प्लास्टिकचा स्टेंट मात्र साधारण ३ महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. विसरलात तर तो तुंबून जंतुसंसर्ग होतो. नलिका पूर्ण कापली गेली असेल तर तिला आतडं जोडावं लागतं. हे काम पहिल्याच खेपेला लिव्हर-पित्तनलिकेच्या अनुभवी सर्जनने करावं, कारण फसलेली दुरुस्ती पुढची आणखी अवघड करते.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर एमआरसीपी (पित्तनलिका दाखवणारा एमआरआय) लागेल का, विचारा. नलिकांची रचना सगळ्यांची सारखी नसते. काहींची उजव्या बाजूची मागची नलिका डावीला जाऊन मिळते.

आणि डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट व स्कॅनची सीडी मागून घ्या. दुसरा सर्जन आधी तेच मागेल.