रोजची भाकर रोज मागावी: दिवसागणिक देवावर विसंबण्याची प्रार्थना

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या मुलाला प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, बहुधा शाळेत जाण्याआधीच पाठ झालेली असते, आणि पाठ झालेल्या गोष्टीचे जे होते तेच पुढे तिचेही होते: ओठ ती म्हणत राहतात आणि मन मोंढ्यातल्या भावात, मुलांच्या फीमध्ये किंवा न आलेल्या टँकरमध्ये अडकलेले असते. दिवसागणिक देवावर विसंबायला शिकायचे असेल, तर नवी प्रार्थना शोधण्याची गरज नाही. या जुन्या प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही भाकरीची ओळ तेवढी सावकाश म्हणायला शिकावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:११) ती भाकर ‘आज’ मागितली आहे आणि लूकच्या शुभवर्तमानात (११:३) ‘रोज’. दोन्हीकडे मागणी एका दिवसाची आहे, कणगी भरून देण्याची नाही.

इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला तोही याच मापाने. निर्गम पुस्तकाच्या १६व्या अध्यायात माणशी एक ओमर (एक जुने माप) गोळा करण्याची आज्ञा आहे. ज्यांनी सकाळपर्यंत ठेवून पाहिला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली, आणि केवळ शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती.

यावर आमच्याकडचा शेतकरी रास्त हरकत घेतो. मे महिन्यात बियाणे-खताची तजवीज करायची, जूनमध्ये आभाळाकडे पाहत पेरायचे आणि पैसा दिसायचा तो दिवाळीच्या सुमारास. असा ज्याचा धंदा आहे त्याने एका दिवसापुरते कसे जगावे? उत्तर असे की शास्त्राने साठवणीला सरसकट मनाई केलेली नाही. याच पवित्र शास्त्रात योसेफाने मिसरात (इजिप्तमध्ये) सात वर्षे धान्य साठवले आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात लोकांना जगवले. साठवायची नाही ती उद्याची चिंता. नियोजन वहीत करावे आणि प्रार्थना आजच्या दिवसाची करावी, एवढी फोड मनात पक्की झाली की पुढची रीत सोपी जाते.

पहिली प्रार्थना सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी करावी. हवामानाचा अंदाज आणि गटांवरचे निरोप एकदा डोक्यात शिरले की देवाशी बोलण्याऐवजी आपण बातम्यांशीच बोलत बसतो. वेळ पाच-दहा मिनिटे पुरे. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा असे प्रभू येशूने सांगितले आहे (मत्तय ६:६), पण दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरात दार लावण्याजोगी खोली मिळणे कठीण. अशा वेळी त्या वचनाचा मथितार्थ घ्यावा, म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी न करता कोणाच्या नजरेत भरणार नाही अशी जागा आणि वेळ निवडावी. गोठा चालतो, बांध चालतो, बसथांबाही चालतो.

माझ्या आईची जागा म्हणजे काटवट होती. ज्वारीच्या पिठात आधण ओतून ते हाताला सोसेल इतके निवेपर्यंत ती गप्प बसे. मग पीठ मळता मळता तिचे ओठ हलू लागत, आणि भाकरी थापायला घेतली की एकेका भाकरीला घरातले एकेक नाव येई. ‘हा आज पुण्याला निघालाय, याला गाडीत जागा मिळू दे.’ ‘हिची आज परीक्षा आहे, हिला वाचलेले आठवू दे.’ भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की ते नाव संपले आणि पुढचा गोळा हाती आला. शेवटची भाकरी घरातल्या कोणाच्याच नावाची नसे. कोणी दारात आले तर त्याची, नाही तर शेजारच्या म्हातारीची.

तिच्याकडून उचलण्यासारखी पहिली गोष्ट ही की मागणे नेमके असावे. ‘देवा, आमच्यावर कृपा असू दे’ ही मागणी चुकीची नाही, पण ती इतकी मोघम आहे की ती पुरी झाली की नाही हे रात्री कळत नाही, आणि जे कळत नाही त्याबद्दल आभारही मानता येत नाहीत. त्याऐवजी आजच्या दिवसाकडे नीट पाहावे आणि त्यात आपल्या हातातले काय व हाताबाहेरचे काय ते वेगळे करावे. समजा, पीककर्जासाठी बँकेत जायचे आहे. कागद लावून वेळेवर पोहोचणे आपल्या हातात आहे, त्यासाठी शिस्त मागावी. साहेब काय म्हणतील ते हातात नाही, ते देवाच्या स्वाधीन करावे. आणि नकार आला तर घरी येऊन बायको-मुलांवर राग न काढण्याचे बळ आधीच मागून ठेवावे. ही तिसरी मागणी बहुतेक जण विसरतात, आणि संध्याकाळी तिचीच सर्वांत जास्त गरज पडते.

दुसरी गोष्ट भाषेची. प्रार्थना आपल्या बोलीत करावी. सभेत प्रार्थना सांगायला उभे राहिले की काहींची भाषा एकदम पुस्तकी होते आणि वाक्ये लांबत जातात. शेजारच्याला काही सुनवायचे असेल तर तेही त्यातच उरकले जाते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. एकट्याच्या प्रार्थनेत याचे काही काम नाही. मराठीत आपण आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, ती जवळीक मोठी आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली ती याच जवळिकीच्या बळावर.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. आपल्या भागात नवसाची सवय खोलवर मुरलेली आहे आणि ती आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही (चर्चमध्येही) डोकावते: पाऊस पडला तर अमुक देईन, पोराला नोकरी लागली तर तमुक करीन. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे कृपा विकत मिळत नाही, म्हणून देवाशी असा सौदा करू नये. पीक घरात आल्यावर त्यातले पहिले माप उपकारस्तुती म्हणून मंडळीत अर्पण करणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे देणे आधी झालेले असते आणि आपण मागाहून फक्त आभार मानतो.

दिवसभरात गुडघे टेकायला वेळ मिळतोच असे नाही. संदेष्टा दानीएल दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत असे (दानीएल ६:१०), परंतु मजुरीवर जाणाऱ्याला पारसाच्या राजाच्या चाकरीतला नहेम्या अधिक जवळचा वाटेल. राजाने त्याला ‘तुझी मागणी काय?’ असे विचारले, आणि प्रश्न व उत्तर यांच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४), मग तो बोलला. एवढी लहान प्रार्थना कोठेही करता येते: मोंढ्यात मालाची बोली सुरू होताना, दवाखान्यात आपला नंबर पुकारला गेल्यावर, किंवा कोणी टाकून बोलल्यावर उलट बोलण्याआधी. ‘प्रभू, आता’ एवढेच म्हटले तरी पुरते.

भाकरीच्या ओळीतला ‘आमची’ हा शब्द मराठी माणसाला विशेष कळावा असा आहे. ‘आपली’ म्हटले असते तर ज्याच्याशी बोलतो तोही त्यात आला असता. पण देवाला काही भाकरीची गरज नाही. ती गरज आमची आहे, आणि ‘माझी’ असे म्हणण्याची परवानगी मात्र या प्रार्थनेत कोठेही नाही. तेव्हा रोज एक तरी नाव घराबाहेरचे घ्यावे, आणि त्या माणसासाठी आपल्याला काही करता येण्याजोगे असेल तर आमेन म्हणून उठताच ते करावे. भाऊ किंवा बहीण उघडी-उपाशी असताना ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते म्हणणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोडलेले नाही. पुढची ओळ तर सरळ ऋणाची आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना सोडले तसे तू आम्हांला सोड. सावकाराची पायरी चढलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही, मात्र आपलेही कोणी देणे लागत असेल तर ती म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावी.

रात्री हिशेब. साधी शाळकरी वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी, डावीकडे तारीख आणि सकाळचे मागणे लिहावे, उजवीकडे रात्री काय झाले ते लिहावे. २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले जात होते त्या दिवसांतले एक पान माझ्याकडे आहे. डावीकडे तीन दिवस एकच मागणे आहे: ‘आज दोन घागरी’. उजवीकडे पहिल्या दिवशी ‘तीन मिळाल्या’, दुसऱ्या दिवशी ‘टँकर आला नाही’, आणि तिसऱ्या दिवशी ‘आला नाही, शेजारच्या काकूंनी त्यांच्या रांजणातून एक दिली’. ती एक घागर मी तेव्हा उत्तर म्हणून मोजली नव्हती; दोन मागितल्या होत्या, म्हणून रागाने नुसती नोंद केली होती. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला आपल्या शेवटच्या पिठाची भाकर देणाऱ्या सारफथच्या विधवेची गोष्ट (१ राजे १७) त्यानंतर मी निराळ्या रीतीने वाचली. दुष्काळात तिचे मडके भरून गेले असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरले नाही आणि कुपीतले तेल आटले नाही, एवढेच म्हटले आहे. म्हणजे तिलाही रोज सकाळी मडक्यात हात घालूनच पाहावे लागत असणार.

उजवी बाजू अनेकदा कोरी राहते. ती कोरीच ठेवावी, ओढूनताणून अर्थ लावू नये. स्तोत्र १३ची सुरुवातच ‘कोठवर’ या प्रश्नाने होते, तेव्हा तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे, आणि ती मोठ्याने करायला हरकत नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (एक जाचणारे दुखणे) निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर. काटा निघाला नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी यादी आहे; सोयाबीन पावसात कुजल्यावर किंवा कापसाला बोंडअळी लागल्यावर त्या यादीत आपल्या पिकांची नावे घालून ती वाचावी. मात्र ज्याचे मागणे पुरे झाले नाही त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे कोणीही सांगू नये. माझ्या मते हे वाक्य मंडळीत सर्वांत जास्त नुकसान करते.

देवावर विसंबणे म्हणजे औषध सोडणे नव्हे. जालन्यात मिशनने देवळाबरोबर दवाखानाही चालवला, ते दोन्ही एकाच विश्वासाचे काम होते. रक्तदाबाची गोळी सकाळच्या प्रार्थनेनंतर घ्यावी, म्हणजे दोन्ही चुकत नाहीत. आणि कर्जापायी किंवा दुःखापायी घरातल्या कोणाच्या बोलण्यात जीव देण्याची भाषा येऊ लागली, तर त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, पण त्याला एकटे सोडू नये, पाळकसाहेबांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा.

आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांनी मिळून ती वही वाचावी. शनिवारची संध्याकाळ सोयीची पडते. मुलांना आपापली ओळ स्वतः लिहू द्यावी, मग ती ‘क्रिकेटची बॅट’ असली तरी चालेल.

सुगीत, लग्नसराईत किंवा आजारपणात मधले काही दिवस राहून जातात. तेव्हा मागची थकबाकी भरून काढण्यासाठी एका सकाळी तासभर बसू नये. चुकलेल्या दिवसाचा मान्नाही नंतर गोळा करता येत नव्हता. मधली पाने कोरी सोडावीत, नव्या पानावर आजची तारीख घालावी आणि डावीकडे आजचेच मागणे लिहावे.